सुई टोचल्यावर शरीरात नेमके काय घडते? अ‍ॅक्युपंक्चरमागच्या विज्ञानाबद्दल

धरमपेठकरीण

नमस्कार मंडळी.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले, ऑपरेशन आत्ताच नको, वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा. शेजारच्या काकूंच्या आग्रहाने ती नागपुरातल्या धंतोलीत अ‍ॅक्युपंक्चर घ्यायला जाऊ लागली. आता तिला बरे वाटते, जिना उतरताना पूर्वीइतकी थांबत नाही. मला याचा आनंदच आहे.

पण मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि तिथे मिळालेले स्पष्टीकरण काही केल्या पटत नाही. शरीरात चौदा वाहिन्या आहेत, त्यांतून ऊर्जा वाहते, ती अडली की दुखते, सुईने अडथळा मोकळा होतो. आजवर कुठल्याही शवविच्छेदनात अशी वाहिनी सापडलेली नाही. मग आईला आराम कशाने पडतो? मज्जातंतू, रसायने, पेशी या भाषेत कोणी समजावून सांगेल का? "सगळी भोंदूगिरी आहे" आणि "हजारो वर्षांचे ज्ञान आहे" ही दोन्ही उत्तरे ऐकून झाली आहेत. त्यापलीकडचे हवे आहे.

बर्डीवाला

वाचतोय. चांगला विषय काढलात.

इतवारीचा_भाऊ

ताई, मले तं फरक पडला बाप्पा. दुकानात दिवसभर मुंडी खाली घालून हिशेब करतो, त्याच्यानं मान अशी आखडली होती की मागून कोणी आवाज दिला तं अख्खा वळून पाहा लागे. सदरले एक डॉक्टर आहेत, त्यायनं अंगठ्याच्या अन् पहिल्या बोटाच्या मधात सुई टोचली अन् म्हणे आता फिरवून पाहा. फिरली न मान! आता सुई हातात अन् मोकळी झाली मान, हे कसं काय, ते मलेही समजून घ्यायचं आहे.

मज्जारज्जू

शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यातच उमेदीची वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वेदनेचा संदेश दुखऱ्या जागेपासून मेंदूपर्यंत बिनबोभाट पोचतो अशी समजूत बराच काळ होती. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात वेगळे मांडले. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश जाड तंतूंतून येतात, वेदनेचे बारीक तंतूंतून. दोन्ही मज्जारज्जूच्या मागच्या भागात एकत्र येतात, आणि जाड तंतू जोरात काम करत असले की तिथल्या छोट्या पेशी वेदनेचा संदेश पुढे जाऊ देत नाहीत. कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की आपला हात आपोआप ते चोळायला जातो, त्याचे कारण हेच. या मांडणीला 'गेट कंट्रोल' म्हणतात. अ‍ॅक्युपंक्चरला शास्त्रीय चौकटीत बसवण्याचा पहिला प्रयत्न याच सिद्धांताच्या आधारे झाला.

पण गेटने सगळे सुटत नाही. सुई काढल्यावरही आराम टिकतो, तो कसा? इथे दुसरा शोध कामी आला. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतून एन्केफॅलिन वेगळे केले. मॉर्फिन पेशींवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टर) काम करते त्याच ग्राहकांवर काम करणारे हे रसायन शरीर स्वतःच बनवते. पुढच्याच वर्षी कॅनडात ब्रूस पोमेरांझ यांनी उंदरांवर प्रयोग केला. सुयांतून सौम्य विद्युतप्रवाह दिला की उंदरांची वेदना कमी होत होती. मग नॅलोक्सोन दिले. मॉर्फिनचा परिणाम उतरवणारे हे औषध आपल्याकडेही इमर्जन्सीत वापरतात. ते देताच सुईचा परिणामही गेला. १९७७ मध्ये माणसांवर, दाताला मुद्दाम दिलेल्या वेदनेवर, असाच निष्कर्ष निघाला. इतवारीच्या भाऊंसाठी सांगतो, त्या प्रयोगातला बिंदू तुमचाच होता, अंगठा आणि तर्जनीमधला. चिनी भाषेत त्याला हेगू म्हणतात.

बीजिंगमध्ये हान जिशेंग यांनी आयुष्यभर यावरच काम केले. सुया टोचलेल्या सशाच्या मेंदूभोवतीचा द्रव काढून त्यांनी दुसऱ्या सशाला दिला. त्याला एकही सुई टोचलेली नव्हती, तरी त्याची वेदना सोसण्याची क्षमता वाढली. म्हणजे काहीतरी रासायनिक घटक द्रवात उतरला होता. विद्युतप्रवाहाची वारंवारता बदलली की रसायनही बदलते, हेही त्यांनी दाखवले. सेकंदाला २ स्पंदनांना मुख्यतः एन्केफॅलिन, १०० स्पंदनांना डायनॉर्फिन.

आणखी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट. बिंदूभोवती आधी भूल देणारे इंजेक्शन दिले तर सुईचा परिणाम होत नाही. म्हणजे जे काही घडते ते मज्जातंतूंवाटे घडते. ऊर्जेची वेगळी वाहिनी असती तर जागा बधिर केल्याने ती बंद का पडावी?

धरमपेठकरीण

सर, असेच उत्तर हवे होते. मनापासून आभार. सशाच्या द्रवाचा प्रयोग मी वर्गात सांगणार.

शंकेखोर

मज्जारज्जू यांचा प्रतिसाद उत्तम आहे आणि त्यातले काही खोडायचे नाही. पण नॅलोक्सोनच्या कथेचा दुसरा भागही सांगायला हवा, नाहीतर वाचणारा अर्ध्यावरच थांबेल.

१९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दात काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून औषध नसलेले इंजेक्शन दिले. काहींना आराम पडला. मग नॅलोक्सोन दिले तर तो आरामही ओसरला! म्हणजे नुसत्या विश्वासानेही शरीर तीच रसायने सोडते. तेव्हा "एन्डॉर्फिन (शरीराची ही मॉर्फिनसारखी रसायने) वाढले" यावरून वेदना खरोखर कमी झाली एवढेच कळते. ती सुईने कमी झाली की सुई टोचणाऱ्यावरच्या भरवशाने, हे कळत नाही.

त्यासाठी माणसांवरच्या चाचण्या पाहाव्या लागतात. जर्मनीत विमा कंपन्यांना खर्च द्यायचा की नाही हे ठरवायचे होते, म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. कंबरदुखीची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, रुग्ण ११६२, तीन गट. पहिल्याला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया. दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी, अगदी वरवर सुया. तिसऱ्याला नेहमीचे उपचार म्हणजे औषधे, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी ठरलेल्या निकषावर सुधारलेले रुग्ण असे: पहिला गट ४७.६ टक्के, दुसरा ४४.२, तिसरा २७.४.

पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला फरक पाहा, मग दुसऱ्या आणि तिसऱ्यातला पाहा. सुई कुठे टोचली याने जवळपास काही बिघडले नाही. सुया टोचून घेण्याने मात्र बराच फरक पडला.

इतवारीचा_भाऊ

म्हणजे माझी मान खोटी खोटी मोकळी झाली म्हणता?

शंकेखोर

नाही हो भाऊ. मान खरीच मोकळी झाली, आणि त्यामागची रसायनेही खरी आहेत. प्रश्न एवढाच की तीच सुई दोन इंच बाजूला टोचली असती तर मान मोकळी झाली नसती का? चाचण्या पाहता बहुधा झाली असती.

आणखी एक शक्यता धरून चला. आखडलेली मान बहुतेकदा काही दिवसांत आपसूक सुटते. आपण डॉक्टरांकडे जातो ते दुखणे सर्वात वाढलेले असताना. त्यानंतर काहीही केले तरी बरे वाटण्याचीच शक्यता जास्त. गुडघेदुखीही अशीच कमीजास्त होत राहते. म्हणून तर तुलनेला दुसरा गट ठेवावा लागतो.

सूचिका

मी अ‍ॅक्युपंक्चर करते, नंदनवनला माझे क्लिनिक आहे. शंकेखोर यांनी आकडे बरोबर दिले, पण निष्कर्ष घाईचा वाटतो.

पहिले म्हणजे, वरवर टोचलेली सुई ही साखरेची गोळी नाही. ती कातडीतून आत जाते, मज्जातंतू तिलाही प्रतिसाद देतात. तुम्ही कमी जोराचा उपचार जास्त जोराच्या उपचाराशी ताडून पाहता आणि दोन्ही सारखे निघाले म्हणून "उपचारच नाही" असे ठरवता, हे मला मान्य नाही. टोक मागे सरकणारी, कातडीत न शिरणारी नकली सुई १९९८ मध्ये जर्मनीत स्ट्राइटबर्गर यांनी बनवली. पण तिचेही टोक टेकते, दाबते.

दुसरे, २०१८ मध्ये अँड्र्यू व्हिकर्स यांच्या गटाने ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून तपासली. कंबर, मान, खांदा, गुडघ्याची झीज, डोकेदुखी, सगळे जुनाट दुखणे. खऱ्या सुया नकली सुयांपेक्षा सरस ठरल्या. फरक लहान होता, पण योगायोगाचा नव्हता. आणि सुया न घेणाऱ्यांच्या तुलनेत फरक बराच मोठा होता, वर्षभरानंतरही त्यातला बहुतांश टिकून होता.

तिसरे हे माझ्या हाताने अनुभवलेले. सुई आत गेल्यावर बोटांत हलकेच फिरवते तेव्हा सुरुवातीला ती मोकळी फिरते. मग एका क्षणी जड होते, आतले मांस तिला धरून ठेवते. जरा वर ओढली तर सुईबरोबर कातडीही वर उचलली जाते. त्याच क्षणी पेशंट म्हणतो, "आत जड वाटलं", "मुंग्या पायापर्यंत गेल्या". टोचल्याची झोंबणारी वेदना वेगळी आणि हा जडपणा वेगळा, पेशंट स्वतःच फरक सांगतात. आम्ही या क्षणाची वाट पाहतो. ही गोष्ट नुसत्या समजुतीची नाही, ती बोटांना लागते.

फिजिओताई

सूचिका ताई, तुम्ही जे बोटांनी टिपले ते मोजले गेले आहे. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लँजेव्हिन यांनी सुई बाहेर ओढायला किती जोर लागतो ते यंत्राने मोजले (२००१). सुई एकाच दिशेने फिरवली तर न फिरवलेल्या सुईपेक्षा १६७ टक्के जास्त जोर लागला. कातडीखालच्या संयोजी ऊतीचे तंतू सुईभोवती गुंडाळले जातात, म्हणून. पुढे त्यांनी दाखवले की त्या ओढीने आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट पेशींचा आकारच बदलतो, त्या पसरट होतात. म्हणजे सुई फिरवल्याचा परिणाम टोचल्या जागेपुरता राहत नाही.

पण त्याच प्रयोगात हेही निघाले की शास्त्रोक्त बिंदूवर लागणारा जोर बाजूच्या जागेपेक्षा फक्त १८ टक्के जास्त होता. म्हणजे पकड सगळीकडेच बसते, बिंदूवर थोडी जास्त. शंकेखोर आणि सूचिका, दोघांच्याही म्हणण्याला यात जागा आहे.

आम्ही फिजिओथेरपीत ड्राय नीडलिंग करतो. सुई तीच, पण वाहिनी-ऊर्जा काही मानत नाही. स्नायूत दाबल्यावर दुखणारी कडक गाठ शोधायची आणि तिथेच सुई घालायची. नेमकी लागली तर स्नायू एकदम उडतो, पेशंट दचकतो. मेलझॅक, वर सरांनी सांगितलेले तेच, यांनी १९७७ मध्ये म्हटले होते की अशा गाठी आणि अ‍ॅक्युपंक्चरचे बिंदू ७१ टक्के जुळतात. त्या आकड्यावर नंतर बरेच आक्षेप आले, आणि माझ्या मते आक्षेप रास्त आहेत, कारण ३६१ बिंदू अंगभर पसरलेले असताना कुठलीही गाठ कुठल्यातरी बिंदूजवळ येणारच.

बर्डीवाला

वा! धागा रंगत चाललाय. शंकेखोर आणि सूचिका दोघांनाही +१.

सोलापूरकर

अवांतर आहे, पण विचारतो. भारतात अ‍ॅक्युपंक्चर आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांमुळे आले ना? लहानपणी असे ऐकले होते.

जुना_महालकर

सोलापूरकर, कोटणीसांबद्दल आदर आहेच, पण ते चीनमधून परत आलेच नाहीत. १९४२ मध्ये तिथेच वारले. ते शल्यविशारद होते, युद्धभूमीवर ऑपरेशने करत होते.

१९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यातले डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे. हे नागपुरातल्याच किती जणांना ठाऊक आहे? शाळेत आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते. कोटणीसांचे नाव घराघरात आहे, चोळकरांचे त्यांच्याच गावात नाही.

अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले ते त्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बिजयकुमार बसू यांनी. ते पन्नाशीच्या दशकात पुन्हा चीनला गेले, तिथे शिकले आणि १९५९ मध्ये परतल्यावर इथे सुरू केले. बसूंच्या मंडळींनी कामाला नाव कोटणीसांचे दिले, त्यावरून तुमचा समज झाला असावा.

सोलापूरकर

धन्यवाद महालकर. चोळकरांबद्दल वेगळा धागा काढाच. आम्ही वाट पाहतो.

नवखा२२

अमेरिकेत हे कसे पोचले? तिकडे तर आता सगळीकडे क्लिनिक दिसतात.

जुना_महालकर

जेम्स रेस्टन या पत्रकारामुळे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मोठे नाव. जुलै १९७१ मध्ये ते चीनमध्ये असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. नंतर पोटात गुबारा धरला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कोपरात आणि गुडघ्याखाली सुया टोचल्या. त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि अमेरिकेत कुतूहल जागे झाले. पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले. लोक अजून सांगतात की रेस्टन यांचे ऑपरेशन सुयांच्या भुलीखाली झाले. तसे नव्हते. भुलीचे नेहमीचे इंजेक्शन दिले होते, सुया नंतरच्या त्रासासाठी.

आणि "हजारो वर्षे अखंड चालत आलेले" हेही तपासून घ्या. १८२२ मध्ये चीनच्या सम्राटानेच राजवैद्यांच्या संस्थेतून सुयांचे उपचार काढून टाकले होते. पुढे माओच्या काळात त्यांना पुन्हा सरकारी पाठबळ मिळाले. यात राजकारणही भरपूर आहे.

गोवैद्य

मी जनावरांचा डॉक्टर. "जनावरांवर चालते म्हणजे प्लासिबो (नुसत्या विश्वासाचा परिणाम) नाही" हे वाक्य कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच लिहितो. कुत्र्याला विश्वास नसतो, पण मालकाला असतो. कुत्रा लंगडतो की नाही हे मालकाला विचारले तर तो सुधारणा सांगतो. पाय किती वजन घेतो हे यंत्रावर मोजले तर पुष्कळदा काही सुधारणा नसते. आमच्या क्षेत्रात हे वारंवार दिसले आहे.

पण प्रयोगशाळेतल्या उंदरांचे काम वेगळे, तिथे मोजणी कडक असते. दोन प्रयोग मला महत्त्वाचे वाटतात.

एक, २०१० मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने केलेला. उंदराच्या गुडघ्याखाली, चिनी नकाशातल्या झुसान्ली बिंदूवर, सुई घालून अर्धा तास अधूनमधून फिरवली. तिथल्या ऊतीत अ‍ॅडेनोसिन जवळपास २४ पटींनी वाढले. अ‍ॅडेनोसिन जवळच्या वेदनातंतूंना शांत करते. ज्या उंदरांत अ‍ॅडेनोसिनचा ए-१ ग्राहकच नव्हता, त्यांना सुईचा काही उपयोग झाला नाही. अ‍ॅडेनोसिन मोडू न देणारे औषध दिले तर सुईचा परिणाम जास्त वेळ टिकला. मेंदूपर्यंत जायच्या आधीच, टोचल्या जागी काय घडते याचे हे चांगले उत्तर आहे.

दोन, २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला, हार्वर्डच्या चिउफू मा यांच्या गटाचा. उंदरांना जिवाणूंच्या विषाने अंगभर दाह झालेला. मागच्या पायात, त्याच झुसान्लीजवळ, सौम्य विद्युतप्रवाह दिला तर मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथीला संदेश गेला आणि दाह उतरला. पोटावरच्या बिंदूवर तेवढाच प्रवाह दिला तर नाही. का? पायाच्या खोल ऊतीत विशिष्ट प्रकारचे संवेदी तंतू दाट आहेत, पोटावर ते फारसे नाहीत. ते तंतू काढून टाकलेल्या उंदरांत पायाचाही परिणाम गेला.

शंकेखोर, तुम्ही म्हणता जागेने फरक पडत नाही. इथे जागेने फरक पडला. पण तो मज्जातंतूंच्या मांडणीमुळे पडला. वाहिनी मानायची काही गरज पडली नाही.

शंकेखोर

गोवैद्य, चिउफू मा यांचा प्रयोग मला मनापासून आवडला, आणि जागेबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. मात्र तो विद्युतप्रवाह होता, नुसती सुई नव्हती, आणि आजार होता तीव्र दाहाचा. त्यावरून धंतोलीतल्या गुडघ्यावर येताना फार मोठी उडी घ्यावी लागते. शिवाय उंदराच्या पायात सुई किती मोठी आणि माणसाच्या पायात किती लहान, हेही लक्षात घ्या.

चहाबाज

अ‍ॅडेनोसिनचे ग्राहक तर कॅफिनही अडवते. मग सुया घ्यायला जाताना चहा घ्यायचा की नाही?

गोवैद्य

कॅफिनबद्दलचे बरोबर आहे. पण त्यावरून कोणाला चहा सोडायला सांगावे इतका माणसांवरचा पुरावा नाही. प्या.

वऱ्हाडी_ठेचा

मी तं सांगतो, सावजी रस्सा खाऊन पाहा. दोन घासांत गुडघा, मान, कंबर सगळं विसरून जाता.

मज्जारज्जू

ठेचा, तुम्ही गमतीत लिहिले पण यात तथ्य आहे. एका ठिकाणची तीव्र संवेदना अंगावर दुसरीकडे कुठेही असलेली वेदना दाबते. फ्रान्समध्ये ल बार यांनी १९७९ मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूत हे दाखवले. मेंदूच्या तळाकडून खाली मज्जारज्जूत हुकूम जातो आणि बाकीचे वेदनासंदेश मंदावतात. अंगठ्याजवळ टोचून मानेला आराम पडण्यामागचे एक संभाव्य कारण हेच. आणि यात नेमक्या बिंदूची गरज नाही.

मेळघाटातून

सर, तुमचे शास्त्र बरोबर असेल, पण इथे थोडे थांबा. आमच्याकडे बाळाचे पोट फुगले की पोटावर तापलेल्या विळ्याने डागतात. त्याला डंबा म्हणतात. आरोग्य केंद्रात अशी बाळे आणली जातात तेव्हा त्यांच्या पोटाकडे बघवत नाही. घरचे म्हणतात, "डागल्यावर रडायचं थांबलं." उद्या कोणी म्हणेल की त्यालाही हाच 'दुसऱ्या जागेच्या वेदनेचा' नियम लागू होतो. पण बाळाच्या पोटात काय चालले आहे ते तसेच राहते, आणि दवाखान्यात यायला उशीर होतो. एखाद्या गोष्टीने शरीरात काही घडते, म्हणून ती गोष्ट उपचार ठरत नाही. कृपया हा फरक धाग्यात ठळकपणे राहू द्या.

सूचिका

अगदी बरोबर. माझ्याकडेही छातीत दुखते म्हणून सुया घ्यायला आलेले लोक आहेत. मी सरळ मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवते, आधी ईसीजी. जो अ‍ॅक्युपंक्चरवाला आधी निदान विचारत नाही त्याच्याकडे जाऊ नये. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे. तेव्हा समोरचा नोंदणीकृत आहे का हे विचारायला संकोच करू नका.

शंकेखोर

मेळघाटातून यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे.

आणखी एक अभ्यास सांगून थांबतो. २००८ मध्ये टेड कॅपचुक यांनी आतड्याच्या जुनाट तक्रारीच्या, आयबीएसच्या, २६२ रुग्णांचे तीन गट केले. एक नुसता प्रतीक्षायादीवर. दुसऱ्याला कातडीत न शिरणाऱ्या नकली सुया, फारसे न बोलता. तिसऱ्याला त्याच नकली सुया, पण उपचार करणाऱ्याने वेळ देऊन विचारपूस केलेली, धीर दिलेला. पुरेसा आराम पडलेले अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. एकही खरी सुई नाही! ओपीडीत दोन मिनिटांत चिठ्ठी हातात देऊन बाहेर पाठवतात, तिथे रुग्ण काय गमावतो ते या आकड्यांत दिसते. अ‍ॅक्युपंक्चरवाले अर्धा तास रुग्णाजवळ असतात. त्या अर्ध्या तासाचेही श्रेय मोजा.

फिजिओताई

यावर पूर्ण सहमत. आणि हे आम्हा फिजिओंनाही लागू आहे.

धरमपेठकरीण

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मला जे समजले ते लिहिते. टोचल्या जागी अ‍ॅडेनोसिन, मज्जारज्जूत अडवणूक, मेंदूतून एन्डॉर्फिन आणि खाली येणारे हुकूम, शिवाय अपेक्षा आणि आपुलकी, हे सगळे एकाच वेळी चालू असते. कुठल्या भागाचा वाटा किती, ते आजारागणिक वेगळे. बरोबर?

आता मूळ प्रश्न. गुडघ्याच्या झिजेसाठी हे चालू ठेवावे का? आईला हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारीमुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे मी आधी लिहिले नव्हते.

मज्जारज्जू

बरोबर समजलात.

गुडघ्याबद्दल तज्ज्ञांतच दुमत आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले, कारण नकली सुयांपेक्षा फायदा पुरेसा दिसत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये 'सशर्त शिफारस' केली, कारण धोका कमी आणि काहींना आराम पडतो. पुरावा बहुतांशी तोच. एकाने नकली सुईशी तुलना महत्त्वाची मानली, दुसऱ्याने रुग्णाला पडणारा आराम. जर्मनीत तर २००७ पासून कंबर आणि गुडघ्यासाठी सरकारी विमा याचा खर्च देतो.

झिजलेली कूर्चा सुईने परत येत नाही, हे मात्र सर्वांना मान्य आहे. वेदना कमी झाली आहे तर त्या काळात मांडीचे स्नायू बळकट करून घ्या. व्यायामाचा पुरावा सुयांपेक्षा पक्का आहे.

सूचिका

ताई, गोळीची गोष्ट सुया टोचणाऱ्यांना आजच सांगा, आणि गोळी देणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांनाही सुयांचे सांगा. बारीक सुई वरवर घालून वर दाबून धरले तर बहुतेकांना फार तर निळा डाग पडतो, पण खोल सुया आणि जोरात फिरवणे टाळावे लागते. गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका, कोणी "सुयांच्या दिवशी गोळी घेऊ नका" म्हणाले तरीही. पेसमेकर असेल तर विजेच्या सुया नकोत. सुया सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेल्या आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. जुन्या सुयांतून कावीळ बी पसरल्याच्या घटना झालेल्या आहेत. खांदा-छातीवर खोल सुई गेली तर फुफ्फुसाला छिद्र पडू शकते, क्वचित, पण पडते.

धरमपेठकरीण

आईला पेसमेकर नाही. सीलबंद पाकिटाचे पाहिले नव्हते, या वेळी सोबत जाऊन पाहते. व्यायामाचा तक्ता फिजिओताईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारू का?

फिजिओताई

जरूर करा. आईंचे वजन, शुगर आणि एक्स-रेचा रिपोर्ट कळवा. खुर्चीवर बसून करायच्या व्यायामांपासून सुरू करू.

खामल्याची_मीना

उशिरा आले. बहिणीला अर्धशिशी आहे, प्रतिबंधाची औषधे सोसत नाहीत. तिच्यासाठी सुया कामाच्या का?

मज्जारज्जू

मीनाताई, तिथे पुरावा गुडघ्यापेक्षा बरा आहे. तेच 'नाइस' अर्धशिशीसाठी, प्रतिबंधाची मुख्य औषधे चालत नसतील किंवा लागू पडत नसतील तर, ५ ते ८ आठवड्यांत जास्तीत जास्त १० बैठकींचा विचार करा असे सांगते. आधी न्यूरोलॉजिस्टकडून निदान पक्के करून घ्या, आणि महिन्यात किती दिवस डोके दुखते ते वहीत लिहायला आत्तापासून सुरुवात करा. सुरू करण्याआधीची नोंद नसेल तर फरक पडला की नाही हे तिलाही सांगता येणार नाही.